जुनं आउटबोर्ड मशीन वाजायला लागलं तर: आवाजावरून बिघाड कसा शोधायचा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडला की आमच्या देवबागच्या खाडीवर आठवडाभर एकच प्रश्न ऐकू येतो: "मशीन असं का वाजतंय?" दोन महिने मशीन ताडपत्रीखाली उभं राहिलेलं असतं. हवा दमट, टाकीत मे महिन्यातलं पेट्रोल, पाण्याच्या वाटेत सुकलेलं मीठ आणि कुंभारमाशीने लिंपलेली माती. दोरी ओढली की मशीन सुरू होतं आणि कुठूनतरी खडखड यायला लागते.

ज्यांनी नुकतंच जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं मशीन, घेतलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ८ पासून ४० अश्वशक्तीपर्यंतची, यामाहा एन्ड्युरो किंवा सुझुकीच्या टू-स्ट्रोकसारखी मशीन डोळ्यांसमोर ठेवली आहेत. मी शिकत होतो तेव्हा वाडीतल्या एका काकांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला होता. म्हणाले, "झिला, आधी आयक, मगे पानो हातात घे." पुढची सगळी पद्धत त्या एका वाक्यातून आली आहे. नवीन माणूस आवाज कसा आहे याचं वर्णन करत बसतो. तो कधी येतो, कधी थांबतो आणि कशाबरोबर वाढतो हे आधी पाहिलं, तर निम्मा शोध मशीन न उघडताच लागतो.

आत फिरतं काय?

आउटबोर्ड म्हणजे तीन मजली घर समजा. वरच्या मजल्यावर इंजिन: पिस्टन, क्रँक आणि डोक्यावर फ्लायव्हील. मधल्या मजल्यातून एक लांब उभा शाफ्ट खाली जातो आणि त्याच वाटेने धूरही खाली पाण्यात उतरतो. तळमजल्यावर पाण्याचा पंप, त्याच्याखाली गिअर बॉक्स आणि शेवटी पंखा.

न्यूट्रलमध्ये गिअर बॉक्स शांत असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. उभ्या शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन, म्हणजे दातेरी चाक, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही गिअरांना सतत फिरवत असतो. न्यूट्रलमध्ये थांबलेला असतो तो फक्त पंख्याचा शाफ्ट. त्या शाफ्टवर मध्ये एक दातेरी क्लच असतो. तो पुढच्या गिअरला जाऊन अडकला की होडी पुढे जाते, मागच्याला अडकला की मागे.

एवढं लक्षात ठेवलं की वाटणी सोपी होते. न्यूट्रलमध्येही येणारा आवाज इंजिन, उभा शाफ्ट, पाण्याचा पंप किंवा रिकामे फिरणारे गिअर यांपैकी कशाचा तरी. फक्त गिअर टाकल्यावर येतो तो क्लच, पंख्याचा शाफ्ट, त्याची बेअरिंग किंवा पंखा यांचा. पुढे जाताना येतो आणि मागे घेताना येत नाही, तर संशय पुढच्या गिअरवर आणि त्याच्या बेअरिंगवर.

आणखी एक खूण. बहुतेक छोट्या मशीनमध्ये इंजिन साधारण दोनदा फिरतं तेव्हा पंखा एकदा फिरतो. टकटक इंजिनाच्या ठोक्याला ठोका लावून येत असेल तर वर बघा. साधारण निम्म्या लयीत येत असेल तर पंख्याकडे वळा.

ऐकायची जागा

मशीन कोरडं चालवू नका, पाच सेकंदही नाही. पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं पात्यांचं चाक, पाण्यावरच घसरतो. पाणी नसेल तर तो धातूवर घासून क्षणात जळतो. तेव्हा चीं-चीं असा चिरका आवाज येतो, आणि तो ऐकू आला म्हणजे उशीर झालेला असतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे होडी खाडीच्या शांत पाण्यात बांधून ऐकणं. ते जमत नसेल तर २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप कापून घ्या आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी चार बोटं बुडेल इतकं पाणी भरा. पिंपात ऐकताना पंखा काढून ठेवा. नाहीतर पाणी घुसळून त्यात हवा भरते आणि इम्पेलरला फेस मिळतो. नळाचे रबरी कान (मशीन पाणी घेतं त्या भोकांवर बसवून नळी जोडायच्या रबरी वाट्या) लावून ऐकायचं असेल तर आधी पाणी सोडायचं, मग मशीन सुरू करायचं आणि रेस द्यायची नाही.

नळावर चालणारं मशीन ऐकून नवीन माणूस हमखास घाबरतो. धूर बाहेर पडायची वाट पाण्याबाहेर असते, म्हणून आवाज पोकळ आणि फाटका येतो. पंख्यावर भार नसल्याने खालचे गिअरही सैल खुळखुळतात. तेच मशीन पाण्यात उतरवलं की अर्धा आवाज नाहीसा होतो. त्यामुळे नळावर जे ऐकलं त्यावरून गिअर बॉक्स उघडायचा निर्णय घेऊ नका.

कव्हर काढून ऐकणार असाल तर गळ्यात गमछा, मोकळे केस, लोंबती बाही काही नको. फ्लायव्हील उघडं असतं आणि ते मिनिटाला हजारभर फेरे घेत असतं. किल स्विचची दोरी (ती ओढली गेली की मशीन बंद पडतं) मनगटाला बांधा. पेट्रोलचा वास येत असेल तर तो कुठून येतो ते आधी शोधा. सुरू करण्याची गोष्ट नंतर.

मशीन बंद असतानाच सापडणाऱ्या गोष्टी

अर्धे आवाज साध्या सैल वस्तूंचे असतात. कव्हरची कडी, त्याखालचं झिजलेलं रबर, होडीच्या मागच्या फळीला मशीन पकडून ठेवणारे दोन स्क्रू, बॅटरीची केबल, इंजिनाखालची रबरी माउंटिंग. पंख्याजवळ खाली धरून मशीन उजवी-डावीकडे हलवा. धातूवर धातू आपटल्याचा ठक्क आवाज आला तर माउंटिंग किंवा वळण्याच्या जागचं बुश गेलं आहे. मशीन चालू असताना खडखड आली तर कव्हरवर तळहात दाबून धरा. थांबली तर कडी आवळा आणि कामाला लागा.

मग किल स्विचची दोरी काढा, प्लगच्या टोप्या काढून इंजिनाच्या बॉडीला नीट टेकवा, आणि न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवा. तो गुळगुळीत, न अडखळता फिरायला हवा. करकर जाणवली किंवा एका जागी अडल्यासारखं झालं तर बेअरिंगला गंज चढला असू शकतो किंवा शाफ्ट वाकला असू शकतो. पंख्याच्या एका पात्याजवळ काडी धरून फिरवा. प्रत्येक पातं काडीपासून तेवढ्याच अंतरावरून जातं का बघा. खडकाला लागून वाकलेलं एक पातं सगळ्या होडीला थरथरवतं.

आता कव्हर काढा आणि फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली, पुढे-मागे हलवून पाहा. ही तपासणी फार कमी लोक करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ओळखीच्या एका होडीवाल्याच्या मशीनमधून रेस सोडली की टक्क, दिली की टक्क असा जड आवाज यायचा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय, इंजिन पूर्ण खोलावं लागेल, असं त्याला सांगितलं गेलं होतं. आम्ही वरचं झाकण काढून फ्लायव्हील धरलं तर ते हातात केसभर डुललं. नट सैल झाला होता. आतली अर्धचंद्री चावी एका बाजूने चेपली होती, आणि शाफ्टच्या निमुळत्या भागावर घासल्याची तांबूस भुकटी होती. नवी चावी बसवली, निमुळता भाग पुसून कोरडा केला आणि टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाला नट आवळला. टक्क गेली. हा नट साध्या पान्याने अंदाजाने आवळायचा नसतो आणि हातोड्याने ठोकायचा तर अजिबात नाही.

धार आधी, आवाज नंतर

मशीन सुरू झालं की पहिली नजर मागच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर. धार जोरात आणि एकसारखी हवी. बोट लावलं तर पाणी कोमट लागतं. धार नसेल तर मशीन लगेच बंद करा. आवाज शोधायचा तो नंतर.

दर वेळी इम्पेलरच दोषी असतो असं नाही. आधी त्या भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) किंवा नायलॉनची तार घालून फिरवा. सुकलेलं मीठ किंवा माशीची माती निघाली तर धार परत येते. आली नाही तर इम्पेलर. आमच्या खाडीच्या पाण्यात रेती असते. ती इम्पेलरच्या पात्यांबरोबर पंपाचं घरही चाटते. मी दर हंगामाआधी इम्पेलर बदलतो. जुना ठीक दिसला तरी त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच ताठ झालेली असतात.

न्यूट्रलमधले आवाज

मशीन थंड असताना ऐका आणि दहा मिनिटांनी गरम झाल्यावर परत ऐका. दोन्ही वेळा मोबाइलवर रेकॉर्ड करा: एकदा वर कव्हरजवळ, एकदा मध्ये, एकदा पाण्यालगत. थंड असताना येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी हलकी टपटप बहुतेकदा पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल झाल्याची असते. जुन्या मशीनमध्ये ती वर्षानुवर्षं चालते. गरम झाल्यावर वाढणारा आवाज जास्त काळजीचा.

मोटारसायकलची सवय असलेले लोक लगेच म्हणतात, "टॅपिट वाजतंय." टू-स्ट्रोकला टॅपिटच नसतं. कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. तिथून टकटक येत असेल तर कारण दुसरंच आहे, आणि टॅपिट सेट करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तुमचं मशीन देऊ नका.

हळू चालताना कार्बोरेटरमधून फूस्‌, फट्‌ अशी शिंक येते आणि इंजिन अडखळतं. याला आम्ही मशीन शिंकतंय असंच म्हणतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त पोचते आहे. मे महिन्यातलं पेट्रोल फेकून ताजं भरा, कार्बोरेटर उघडून जेट साफ करा. त्यानंतरही शिंकलं तर पाइपच्या जोडातून हवा शिरते आहे का बघा. कार्बोरेटरमागची रीडची पातळ पाती तुटली असतील तरी असाच फुसकारा उलट बाहेर येतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं आणि जुने रबरी पाइप मऊ करतं. म्हणून बंदीआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करण्याला आता जास्तच महत्त्व आलं आहे.

दोन सिलिंडरच्या मशीनचा ठोका लंगडा झाला, धड-धड ऐवजी धड… धड… असा, तर एक सिलिंडर मिस मारतं आहे. मशीन बंद करून एका प्लगची टोपी काढा, ती जवळच्या एखाद्या सुट्या प्लगला लावा आणि त्या सुट्या प्लगची बॉडी इंजिनाला घट्ट टेकवून मग सुरू करा. वायर मोकळी लोंबत ठेवली तर जुन्या मशीनचा सीडीआय बॉक्स (प्लगला ठिणगी पुरवणारा) जळू शकतो. चालू मशीनची टोपी हाताने ओढायची नाही. झटका जबर बसतो. ज्या सिलिंडरची टोपी काढूनही काहीच फरक पडत नाही तेच मेलेलं आहे.

प्लग काढलाच आहे तर त्याचा चेहरा नीट वाचा. बदामी तपकिरी रंग चांगला. काळा आणि ओला असेल तर तो पेटत नव्हता. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे आणि तिथे उष्णता वाढते आहे. वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर आत पाणी येतं आहे, बहुधा हेड गॅस्केटमधून. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. हे फार महत्त्वाचं आहे. डब्यात खडे हलवल्यासारखा जो किणकिणाट पिस्टन जळण्याआधी येतो, तो आउटबोर्डच्या धुराच्या आवाजात बुडून जातो. कानाला कळत नाही तेव्हा प्लग सांगतो.

दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. आकडा मशीनप्रमाणे बदलतो. बघायचा तो दोघांतला फरक. १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रिंग चिकटल्या आहेत किंवा सिलिंडर ओरखडलं आहे.

वरून सतत कर्रर्र येत असेल आणि मशीन दोरीने सुरू होणारं असेल, तर दोरीच्या झाकणातल्या कुत्र्या, म्हणजे दोरी ओढताना फ्लायव्हीलला पकडणारे आकडे, मागे सरकल्या नाहीत आणि त्या फ्लायव्हीलच्या कपाला घासत आहेत. ही स्वस्तातली दुरुस्ती.

ज्या टकटकीला घाबरायलाच हवं

खोल, जड, दार ठोठावल्यासारखी टक-टक, रेस वाढवली की घट्ट होणारी. ही बहुतेकदा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला वेगळं तेल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल तेवढंच. ते कमी पडलं की ही बेअरिंग आधी जातात.

एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक सिलिंडर हेडच्या बोल्टवर टेकवा, मूठ कानाच्या हाडाला लावा. फ्लायव्हीलपासून दूर राहून, पाय घट्ट रोवून. एकेक बोल्ट, मग क्रँककेस वर, मग खाली. ज्या जागी आवाज कोरडा आणि टोकदार ऐकू येतो तिथून तो निघतो आहे. इतर ठिकाणी तो भिंतीपलीकडून आल्यासारखा लागतो. मग वर सांगितल्याप्रमाणे एकेक सिलिंडर बंद करा. एखादं सिलिंडर बंद केल्यावर टकटक मऊ पडली किंवा गेली, तर त्याच सिलिंडरचा रॉड किंवा पिस्टनची पिन. कुठलंही सिलिंडर बंद करून फरक पडत नसेल आणि टकटकीपेक्षा घरघर जास्त असेल, तर क्रँकच्या मुख्य बेअरिंगकडे बोट जातं. पावसाळाभर ओलीत उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये तिथे गंज चढतो.

खात्री करायची तर दोन्ही प्लग काढा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन सगळ्यात वर आणा. तिथे फ्लायव्हील अगदी थोडं पुढे-मागे करा. पिस्टन हलायच्या आधी हाताला टुक्‌ असा रिकामा झोल जाणवला तर बेअरिंग गेलं. आता मशीन चालवू नका. बेअरिंग बदलणं आणि तुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येणं, यांच्या खर्चात फार मोठी तफावत आहे.

इथेच तेलाचं सांगतो. जुन्या टू-स्ट्रोकना साधारण ५० ला १ हे प्रमाण चालतं, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. तरी आपल्या मशीनची पुस्तिका बघा. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेलच घ्या. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. स्कूटरचं टू-टी घातलं तर राख साठते आणि रिंग चिकटतात.

गिअरमधले आवाज

गिअर पडताना एक खणखणीत टक्क येणं चांगलं. नवीन माणूस मशीनवर दया करतो आणि हँडल हळूहळू सरकवतो. मग कर्रर्र आवाज येतो, कारण क्लचचे दात अर्धवट भिडून एकमेकांवरून घसरत असतात. प्रत्येक कर्रर्रला त्यांचे कोपरे गोल होतात. रेस पूर्ण खाली आणा आणि गिअर एका झटक्यात टाका. तुमची सवय बरोबर असूनही, भार आल्यावर होडी पुढे जाताना ठक-ठक-ठक होऊन गिअर सुटत असेल, तर कोपरे आधीच गोल झाले आहेत किंवा गिअरची काडी पूर्ण सरकत नाही. काडीची जुळणी आधी बघा. तिथे पाना लावून काम भागतं. क्लच बदलायचा तर गिअर बॉक्स खोलावा लागतो.

आता माझ्या हातून झालेली चूक. एका ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीत खालून घरघर यायला लागली. गिअरमध्येच, वेगाबरोबर वाढणारी. पंखा काढला तर शाफ्टभोवती तंगूस गुंडाळलेला होता. इतका घट्ट की सुरीच्या टोकाने कोरून काढावा लागला. काढला, पंखा बसवला, घरघर थोडी कमी वाटली आणि मी समाधानाने आठ दिवस होडी चालवली. तंगूसाने शाफ्टचं रबरी सील कापलं असेल हे डोक्यातच आलं नाही. आठ दिवसांनी खालचा स्क्रू काढला तेव्हा तेलाच्या जागी दुधाळ, ताकासारखं काहीतरी गळलं. दोन बोटांत चोळलं तर तेलाचा चिकटपणा नव्हता. त्यात बारीक चांदीसारखे कण होते, नखात अडकणारे. पुढच्या गिअरचं बेअरिंग गेलं होतं. पहिल्याच दिवशी तेल पाहिलं असतं तर एका सीलवर भागलं असतं.

म्हणून खालून कसलाही आवाज आला तरी पहिलं काम गिअरचं तेल पाहणं. मशीन रात्रभर सरळ उभं ठेवा, हलवू नका. सकाळी खालचा स्क्रू थोडासाच सैल करा. आत पाणी असेल तर ते तळाला बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. मग पूर्ण काढून भांड्यात तेल घ्या. काळपट पण स्वच्छ असेल तर चालेल. दुधाळ असेल तर सील गेलं. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ गाळ नेहमीचाच असतो, पण खपली किंवा काटे दिसले तर दात तुटत आहेत.

तेल भरताना ते खालच्या भोकातून वर चढवायचं. वरच्या भोकातून तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते, तेल कमी राहतं आणि पहिल्या दिवसापासून गिअर किंचाळतात. दोन्ही वॉशर दर वेळी नवे घाला. आणि हंगामात दर काही दिवसांनी पंखा काढून मागे तंगूस आहे का ते बघाच. जाळ्यांच्या पाण्यात होडी चालवणाऱ्याला यातून सुटका नाही.

फक्त वेगात येणारे आवाज

रेस वाढते, इंजिन व्हूंऽऽ करून वर चढतं, पण होडी तशीच. वळताना किंवा लाटेवर होत असेल तर पंख्याला हवा मिळते आहे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असायला हवी. मशीन वर बसलं असेल तर खाली घ्या. शांत पाण्यात सरळ जातानाही होत असेल तर पंख्याच्या आतलं रबरी बुश घसरतं आहे. तपासायची सोपी युक्ती आहे: बुश आणि पंखा दोन्हींवरून एकच सरळ रेघ ओढा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन जागी गेली असेल तर बुश गेलं. अगदी छोट्या मशीनमध्ये बुशऐवजी पिन असते आणि ती तुटते. जास्तीची पिन होडीत ठेवावी.

पूर्ण वेगात इंजिन दम सोडत असेल तर कोणाला तरी पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. दाबताच इंजिन सावरलं तर पेट्रोल पोचत नाहीये: पंप, फिल्टर किंवा टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला. या शेवटच्याला हसू नका, नव्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा तोच निघतो. पेट्रोल कमी मिळत असताना पूर्ण वेगात चालवत राहणं म्हणजे पिस्टन जाळणं.

पाण्यात असताना

मशीनचा धोक्याचा भोंगा सलग वाजला, धार बंद पडली, खोल टकटक सुरू झाली, किंवा आवाज चिरका होत इंजिनाचा वेग आपोआप उतरू लागला, तर बंदर किती जवळ आहे याचा विचार न करता मशीन बंद करा. चिरका होत मंदावणं म्हणजे पिस्टन धरतो आहे, सिलिंडरला चिकटतो आहे. आधी नांगर टाका, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात आहेत ना ते बघा, मग कव्हर उघडा. पंख्यात दोर गेला असेल तर किल स्विचची दोरी खिशात घालूनच हात लावा. वल्ही होडीत असायलाच हवीत. मदत लागली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, आणि व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरचं चॅनेल.

मिस्त्रीकडे जाताना

जुनं मशीन अजून घ्यायचंच असेल तर पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर सिलिंडरवर हात ठेवा. गरम लागला तर थंड मशीनचा आवाज तुम्हाला ऐकायलाच मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी परत जा.

मशीन घेऊन मिस्त्रीकडे जाताना "खडखड करतं" एवढंच सांगू नका. माझ्या वहीतली अलीकडची नोंद जशीच्या तशी देतो:

"सकाळी थंड मशीन, न्यूट्रल: स्वच्छ. पुढचा गिअर, हळू: स्वच्छ. अर्ध्या रेसच्या वर खालून घरघर, रेस सोडली की जाते. मागच्या गिअरमध्ये नाही. धार चांगली. गिअरचं तेल काळं, पाणी नाही, कण नाहीत. पंखा काढला, तंगूस नाही. एक पातं टोकाला चेपलेलं. दुसरा पंखा लावून पाहिला, आवाज तोच."

ती वाचून मिस्त्रीने थेट पुढच्या गिअरच्या बेअरिंगची मागणी केली. वरच्या इंजिनाला हातही लावला नाही. मशीन दुपारी परत आलं. नवं तेल घालून पहिला अर्धा तास मी ते किनाऱ्यालगतच चालवलं, आणि संध्याकाळी खालचा स्क्रू पुन्हा एकदा सैल करून थेंबभर तेल बोटावर घेऊन पाहिलं.